ढोलकीवाल्याचा सवाल

१९८४ च्या उन्हाळ्यात मी निफाड तालुक्यातल्या एका गावी गेलो होतो. खांद्याला शबनम, शबनममध्ये उसना टेपरेकॉर्डर, चार कॅसेटी आणि सायक्लोस्टाइल केलेली प्रश्नावली. विषय होता आंबेडकरी जलसे. विद्यापीठात रीतसर नोंदवलेला, मार्गदर्शकाच्या सहीचा. गावात एक म्हातारा होता, ऐन विशीत जलशाबरोबर ढोलकी घेऊन हिंडलेला. त्याला गाठायचं, त्याच्याकडचं सगळं काढून घ्यायचं आणि परतीची एस.टी. धरायची, असा माझा बेत.

म्हातारा तीन दिवस बोलला. ढोलकीचं कातडं केव्हाच फाटलेलं, म्हणून मांडीवर बोटं वाजवून दाखवायचा. मी कॅसेटी भरल्या. तिसऱ्या दिवशी निघताना त्यानं मला विचारलं,

"मास्तर, हे समदं लिहून झाल्यावर तू म्हननार कुठं?"

मी म्हणालो, "बाबा, हे कुठं म्हणायचं नसतं. टाइप करायचं, बांधायचं, विद्यापीठात द्यायचं. मग तोंडी परीक्षा असते."

"तोंडी म्हंजी मानसांम्होरंच ना? किती मानसं?"

"तिघं."

म्हातारा हसला. तोंडातली तंबाखू थुंकून आला आणि म्हणाला, "तिघांसाठी आमी ढोलकी चढवत नसायचो रं पोरा."

दोस्तहो, संशोधन म्हणजे काय यावर मी नंतर पुष्कळ वाचलं. व्याख्यानं ऐकली, दिलीसुद्धा. पण ह्या एका वाक्याचं उत्तर मला कुठल्या ग्रंथात मिळालं नाही. म्हणून हा लेख.

म्हाताऱ्याचा सवाल खुळा नव्हता. त्याच्यामागं शंभर वर्षांची रीत उभी होती, आणि ती रीत आपली आहे. जोतीरावांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पूर्ण केला. शेतकरी का बुडाला याची ती चौकशी. सरकारी खाती, भटशाही, कर्ज, जमीन, पाणी, सगळ्यांचा पाढा तीत आहे. आज कुणी असा ग्रंथ लिहिला तर आधी प्रकाशक शोधील, मग प्रस्तावनेसाठी मोठा माणूस शोधील. जोतीरावांनी लिहिता लिहिताच तो लोकांना वाचून दाखवला. मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनाही ऐकवला. 'दीनबंधु'त लोखंड्यांनी सुरुवातीचे दोन भाग छापले आणि पुढचं छापायला ते कचरले. छापखाना थांबला, वाचन थांबलं नाही. ज्याच्याविषयी लिहिलं त्याच्याच पुढ्यात बसून ते वाचायचं, ही जोतीरावांची पद्धत. त्यांना कुणी डॉक्टरेट दिली नव्हती. ऐकणाऱ्याला पटलं की खोटं वाटलं ते त्याच्या तोंडावर दिसायचं, तीच परीक्षा.

तिथून सत्यशोधकी जलसे आले, आणि १९३० नंतरच्या दशकात आंबेडकरी जलसे. नाशिककडचे भीमराव कर्डक हे त्यातलं ठळक नाव. ह्या जलशांनी तमाशाचा साचा घेतला, त्यातला शृंगार टाकला, पण सोंगाड्या ठेवला. का ठेवला, हे मला म्हाताऱ्यानं समजावलं. सोंगाड्या म्हणजे गर्दीतला माणूस. गर्दीच्या मनात असलेली शंका तो उघड विचारतो. मेलेलं ढोर ओढायचं सोडलं तर खायचं काय? वतन सोडलं तर गावात राहायचं कुणाच्या आधारानं? पोराला शाळेत घातलं तर गुरं कोण राखणार? दुसरा त्याला उत्तर देतो. उत्तर पटलं नाही तर सोंगाड्या पुन्हा विचारतो. आणि तरीही पटलं नाही तर समोर बसलेली एखादी बाई उठून विचारते. बाजाराचा दिवस, जत्रेची रात्र, कंदील किंवा गॅसबत्ती, आणि तीनशे-चारशे माणसं. गोलमेज परिषदेत काय झालं, पुणे करारात काय गेलं नि काय राहिलं, १९३५ साली येवल्यात बाबासाहेब काय बोलले, हे गावकुसाबाहेर असं पोचलं. ज्याला अक्षर येत नव्हतं त्याला राजकारणातला बारकावा कळत होता.

कुणी म्हणेल, हा प्रचार झाला, संशोधन कुठं? तर मग बाबासाहेबांकडेच बघू.

१९१८ साली बाबासाहेबांनी शेतीच्या लहान तुकड्यांवर एक निबंध लिहिला. अर्थशास्त्राच्या नियतकालिकात छापून आलेला, अगदी विद्वानांसाठी. मुद्दा असा की, जमिनीचा तुकडा लहान म्हणून शेती बुडते असं म्हणणं अर्धवट आहे. भांडवल किती, अवजारं किती, त्या तुकड्यावर पोटं किती, हे बघितल्याशिवाय लहान-मोठं ठरत नाही. जास्तीच्या पोटांना उद्योगधंद्यात काम द्यावं लागेल. ठीक. निबंध छापला, विषय संपला असता. पण ह्याच माणसानं १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं बिल आणलं, आणि १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर गेला. कोकणातून आलेली कुळं, अनवाणी. जमिनीवर लिहिणारा माणूस जमीन कसणाऱ्याला घेऊन मुंबईच्या भर रस्त्यात उभा राहिला.

दुसरा दाखला १९३६ चा. लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावलं. भाषण आधी मागवून वाचलं, आणि मंडळ घाबरलं. परिषदच रद्द केली. बाबासाहेबांनी भाषण स्वतःच्या खर्चानं छापलं, पंधराशे प्रती. दोन महिन्यांत संपल्या. हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याच मे महिन्याच्या ३१ तारखेला ते मुंबईत दादरला महार परिषदेत बोलले, धर्मांतर का करायचं यावर, हे आपण त्याच्या शेजारी ठेवून वाचत नाही. एक भाषण इंग्रजीत, शिकलेल्या सवर्णांसाठी. दुसरं मराठीत, गिरणीत आणि गोदीत राबणाऱ्यांसाठी. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. मराठी भाषणात युक्तिवाद रतीभरही पातळ केलेला नाही. समोर अडाणी माणूस बसलाय म्हणून गोष्टी सांगून वेळ मारून नेलेली नाही. मुद्दा, आक्षेप, आक्षेपाचं उत्तर, पुन्हा मुद्दा. लाहोरच्या दिवाणखान्याला जे झेपलं नाही, ते दादरच्या गर्दीनं ऐकून घेतलं.

आता माझी गोष्ट.

१९८६ साली माझा प्रबंध मंजूर झाला. इंग्रजीत, तीनशेवर पानं, निळं कापड, सोनेरी अक्षरं. म्हातारा आत कुठं होता? पानाच्या तळाला, बारीक टायपात, कॅसेटीचा नंबर आणि तारीख. तोंडी परीक्षेला खरंच तिघं होते. बंद खोली, वर पंखा, चहा-बिस्किटं. एकानं विचारलं, जलशाच्या गाण्यांना तुम्ही साहित्य मानता का? मी काहीतरी उत्तर दिलं. सगळ्यांनी हात मिळवले. प्रबंध ग्रंथालयात गेला. बाहेर न्यायला मनाई.

पुढच्या वर्षी, १९८७ च्या ६ डिसेंबरला, मी शिवाजी पार्कजवळच्या फूटपाथवर एका मित्राच्या पुस्तकांच्या दुकानावर बसलो होतो. दुकान म्हणजे बारदान अंथरलेलं. वर पुस्तिका, कॅलेंडरं, बिल्ले, बाबासाहेबांचे नि बुद्धाचे फोटो. ज्यांनी तो दिवस बघितलाय त्यांना सांगायला नको. चैत्यभूमीकडं जाणारी रांग, तिच्या कडेनं ओळीनं पुस्तकं. वर्षभर ज्या दुकानांच्या काचेतून आपण आत डोकावत नाही, ते ज्ञान त्या दिवशी पायाशी मांडलेलं असतं. वाकायचं, उचलायचं, रुपया-दोन रुपये द्यायचे.

एक म्हातारी थांबली. जालन्याकडची. लुगड्याच्या ओच्यात भाकरीचं फडकं. तिनं एक पातळ पुस्तिका उचलली, उलटी धरली आणि मला म्हणाली, "लेकरा, ह्याच्यात काय लिव्हलंय?"

ती 'भारतातील जाती' होती. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ ला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर ह्या प्राध्यापकांच्या वर्गात वाचलेला निबंध. पुढच्या वर्षी 'इंडियन अँटिक्वेरी'त छापलेला. तेव्हा बाबासाहेबांचं वय पंचवीस. मी हा निबंध दहादा वाचला होता. पण म्हातारीला चार वाक्यांत सांगायचं तर काय सांगू? मागून रांग ढकलतेय, शेजारी भोंगा वाजतोय, पोलीस 'चला, चला' करतोय.

मी म्हणालो, "आजी, जात कशानं टिकते ते ह्यात सांगितलंय. जातीतल्या जातीत लग्न करायचं, ह्या एका गोष्टीनं जात टिकते. आता नवरा मेला की बाई उरली. ती जातीबाहेर गेली तर जात मोडते. जातीतच दुसरा केला तर दुसरीच्या वाट्याचा पोरगा जातो. म्हणून तिला जाळायची, नाहीतर जन्मभर रांडव ठेवायची. बायको मेलेल्या पुरुषाला जाळायचं नाही. त्याला पाळण्यातली पोर बायको म्हणून द्यायची. सती, विधवापण, बालविवाह, तिन्ही त्यासाठी. हे वरच्यांनी सुरू केलं, आणि खालच्यांनी त्यांचं बघून बघून उचललं."

म्हातारी ऐकत होती. मला वाटलं, पुस्तिका ठेवून पुढं जाईल. ती बारदानापाशी उकिडवी बसली. म्हणाली,

"आमच्यात पाट लागत व्हता. मह्या मावशीचा लागला, चांगला संसार केला तिनं. मग आमच्या घरात मव्हा दीर मास्तर झाला. मी चोविसाव्या वर्साला रांडव झाले तर दीर म्हन्ला, आता आपन शिकल्याली मानसं, पाट लावनं कमीपनाचं. झालं. बसले तशीच."

मी गप्प.

ती पुढं म्हणाली, "बाबासायबांनी हे कवा लिव्हलं?"

"एकोणीसशे सोळा साली."

"मंग मह्या दिराला कुनी वाचून का नाही दावलं?"

रांगेतल्या दोघी-तिघी थांबल्या होत्या. एक म्हणाली, "आमच्याकडंबी तसंच झालं." दुसरी म्हणाली, नाही, आमच्या गावात अजून पाट लागतो. दोघींची तिथंच जुंपली. पोलीस आला, सगळ्यांना पुढं काढलं. जाताना म्हातारीनं दोन पुस्तिका घेतल्या. म्हणाली, "एक दिराला देते. जित्ता हाय अजून."

मित्रांनो, मी एम.ए.ला असताना आम्हाला श्रीनिवासांचं 'संस्कृतीकरण' शिकवलं होतं. खालची जात वरचीचे आचार उचलते, हा सिद्धांत. १९५२ च्या कूर्ग समाजावरच्या पुस्तकातला. तो घोकून मी मार्क मिळवले. अनुकरणानं जात पसरते हे बाबासाहेबांनी त्याच्या छत्तीस वर्षं आधी मांडलं होतं, हे वर्गात कुणी सांगितलं नाही. आणि हे अनुकरण आपल्याच घरात, आपल्याच शिक्षणाच्या पायरीवरून वर चढलं, हे तर मला त्या फूटपाथवर बसेपर्यंत सुचलंसुद्धा नव्हतं. आपण शिकलो आणि आपल्या बायकांचा पाट बंद केला. ह्याला काय म्हणायचं? पुढारलेपण? माझ्या तीनशे पानांत ह्याचा एक शब्द नव्हता. जलशातल्या पुरुषांना मी टेपरेकॉर्डर लावला, समोर बसून ऐकणाऱ्या बायांना एक प्रश्न विचारला नाही.

ते काम दुसऱ्या दोघींनी केलं. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून. 'आम्हीही इतिहास घडवला', १९८९. आंबेडकरी चळवळीतल्या बाया शोधायच्या, त्यांच्या घरी जायचं, त्यांना बोलतं करायचं, आणि जे निघेल ते मराठीत छापायचं, म्हणजे ज्यांनी सांगितलं त्यांच्या लेकींना वाचता येईल. इतिहासाच्या प्राध्यापकांना जमलं नाही ते ह्या दोघींना जमलं.

आता कुणी म्हणेल, गर्दी म्हणजे भाबडी भक्ती, तिथं विचार कसला? ह्यातला खरा भाग मी नाकारत नाही. १९८७ साली महाराष्ट्र शासनानं बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड काढला, हिंदू धर्मातल्या कोड्यांचा. बाबासाहेब हयात असताना न छापलेलं हस्तलिखित. राम आणि कृष्ण यांच्यावरच्या मजकुरावरून वादळ उठलं, खंडाची होळी झाली, मजकूर वगळा अशी मागणी झाली. ५ फेब्रुवारी १९८८ ला मुंबईत लाखोंचा मोर्चा निघाला. मी त्यात होतो. एका संशोधनाच्या पुस्तकातली पानं फाडू नका, एवढ्यासाठी लाखो माणसं रस्त्यावर. जगात असं किती ठिकाणी घडलं असेल? शेवटी तडजोड झाली: मजकूर राहील, शासन त्या मतांशी सहमत नाही अशी टीप पडेल.

पण त्या मोर्चात माझ्या शेजारी चालणाऱ्या पोराला मी विचारलं, वाचलंस का रे? तो म्हणाला, नाही सर, पण बाबासाहेबांनी लिहिलंय ना. मला त्याचा अभिमान वाटला आणि भीतीही वाटली. कारण बाबासाहेबांनी ती कोडी लिहिली ती मान डोलवायला नव्हे, तपासायला. पुस्तकासाठी डोकं फोडून घ्यायला आपण तयार, पण पुस्तक उघडून गर्दीत बसायला कुणी नाही. सोंगाड्या कुठं गेला आपला?

विद्यापीठांचंही तेच. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव २७ जुलै १९७८ ला झाला. घरं जळाली, माणसं मेली, आणि नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. सोळा वर्षं. ते नाव रस्त्यावरच्या माणसानं मिळवलं. त्या माणसाचा त्या कमानीच्या आत काय हिस्सा? दर साली ६ डिसेंबरला संशोधक पोरं-पोरी फॉर्म घेऊन येतात. कुठून आलात, किती वर्षं येता, शिक्षण किती, उत्पन्न किती. माणसं रांगेत उभ्या उभ्या प्रामाणिकपणे सांगतात. पुढच्या वर्षी त्यातला कुणी येऊन, तुम्ही जे सांगितलं त्यातून आम्हाला हे कळलं, असं म्हणताना मी तरी पाहिला नाही. पूर्वी आपण गावाला लाकूडफाटा पुरवत होतो, आता विद्यापीठाला माहिती पुरवतो. वेठ ती वेठच.

सगळेच तसे नसतात. गेल ऑम्व्हेट अमेरिकेतून इथं ब्राह्मणेतर चळवळीवर संशोधन करायला आल्या. १९७३ साली बर्कलेला डॉक्टरेट मिळाली. पदवी घेऊन तिकडं खुर्चीवर बसता आलं असतं. त्या सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात राहिल्या, शेतकऱ्यांच्या, धरणग्रस्तांच्या, बायांच्या मोर्चात चालल्या, तिथंच २५ ऑगस्ट २०२१ ला गेल्या. सगळ्यांनी एवढं करावं असं मी म्हणत नाही. मी स्वतः केलं नाही. पण जिथून घेतलं तिथं एकदा परत जाऊन वाचून दाखवणं, एवढं तर जमतं.

मी ते उशिरा केलं. १९८९ च्या चैत्रात, प्रबंधातलं जलशावरचं प्रकरण मराठीत उतरवून, चाळीस पानं घेऊन त्याच गावी गेलो. बाजाराचा दिवस. म्हातारा दीड वर्षापूर्वी वारला होता. त्याच्या मुलानं कांदा-बटाट्याच्या गाड्यांच्या पलीकडं, चावडीच्या ओट्यावर जागा करून दिली. मी वाचायला लागलो. पहिली दहा मिनिटं कुणी ऐकेना. मी भाषणासारखं वाचत होतो. मग मुलगा उठला नि मधेच मला विचारायला लागला, "म्हंजी काय मास्तर? सोपं करून सांगा की." बापाची चाल त्याच्यात उतरली होती. तो विचारी, मी सांगे. माणसं जमली. शंभर-सव्वाशे झाली.

मी एक गाणं म्हाताऱ्याच्या पार्टीचं म्हणून वाचून दाखवलं. मागून एक आवाज आला, "ते आमच्या गावच्या पार्टीचं. ह्यांनी आमच्याकडनं घेतलं." दुसरा म्हणाला, खरंय. दोघा म्हाताऱ्यांनी साक्ष दिली, साल सांगितलं, कुणी रचलं ते सांगितलं. माझ्या प्रबंधात ते चुकीचं होतं. एक अख्खा निष्कर्ष त्याच्यावर उभा होता.

बंद खोलीतल्या तिघांना ती चूक सापडली नव्हती. मी ती तिथल्या तिथं पेन्सिलीनं दुरुस्त केली. ग्रंथालयातल्या प्रतीत ती अजून तशीच आहे. तिच्यावर लिहायला परवानगी नाही.

तेव्हा हा अंक वाचून झाला की घरात ठेवू नका. एस.टी. स्टँडवर, बाजारात, नाक्यावर, जिथं माणसं असतील तिथं मोठ्यानं वाचा. एकाला सोंगाड्या करा, त्याला मधेच अडवू द्या. मी इथं काही चूक लिहिली असेल, तर ती तिथंच सापडेल.